छातीवरचं नाव

हिंगोलीत पत्ता विचारला तर अजूनही फौजेतूनच जावं लागतं. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. तोफखान्यात राहणारी माझी एक चुलत आत्या जन्मात कुणावर खेकसली नाही आणि आमच्या शाळेच्या दिवसांत पलटनीतल्या पोरांचा क्रिकेटचा संघ सगळ्यांकडून मार खायचा. तरी नावाचा रुबाब असतोच. 'रिसाला विरुद्ध पलटन' एवढं नुसतं कानावर आलं तरी रविवारी पोरं जेवायची थांबायची नाहीत. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि टीव्हीवर पुणेरी पलटण दिसायला लागली, तेव्हा आमच्या मामानं खुर्चीतूनच जाहीर केलं, "पलटन आपली. पुणं मागून आलं."

मामाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. निजामाच्या खर्चानं चालणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, आणि बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, तशीच हिंगोली हीही तिची छावणी होती. रिसाला घोडदळाचा, पलटन पायदळाची, पेन्शनपुरा निवृत्त झालेल्यांचा. मेडोज टेलरच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ सालच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोली येते ती याच छावणीमुळं. बाजारातला एक प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला, तोही साहेबांच्या नाकासमोर. लहानपणी आजोबा ही हकिकत आम्हाला झोपवण्यासाठी सांगायचे. त्यानं झोप कुणाला लागायची, हा प्रश्न आजीनं त्यांना पुष्कळदा विचारला.

छावणीत साहेब लोक पोलो खेळायचे, हेही आजोबांचंच. त्यांनी ते त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. पणजोबा पोरवयात मैदानाच्या कडेला उभे राहून घोड्यावर बसून काठीनं चेंडू मारणारे गोरे बघायचे आणि घरी येऊन म्हशीवर बसून तसंच करायचे. दरवेळी गोष्टीतले घोडे वाढायचे, म्हैस मात्र एकच राहायची. त्यामुळं म्हशीवर माझा विश्वास जास्त आहे. १९०३ साली कंटिंजंट मोडून इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत मिसळली गेली आणि छावणी उठली. तिच्या पायदळातून पुढं हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं. म्हणजे फौज नाव बदलून हिमालयाच्या पायथ्याशी गेली आणि तिची जुनी नावं आमच्या गल्ल्यांना मिळाली. गल्ल्यांनी ती संघांना दिली.

आजोबांच्या तरुणपणी मात्र संघ म्हणून चार पोरं एकत्र येणं हीच जोखीम होती. निजामी राजवटीत 'गश्ती निशान ५३' नावाचं परिपत्रक होतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी. खाजगी शाळा, आखाडे यांच्यावरही निर्बंध. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात ज्या तक्रारी होत्या, त्यांत आखाड्यांचीही होती. तालीम चालवणं म्हणजे सरकारच्या लेखी काहीतरी शिजत असणं. आणि शिजत असायचंच, असं आजोबा डोळे मिचकावून सांगायचे. त्यामुळं पोरं हुतूतू खेळायची. हुतूतूला काही लागत नाही. ना लेझीम, ना जोडी, ना हौदा. गस्तीवाला आला तर सात-सात पोरं सुटी होऊन म्हशीमागं चालायला लागतात. पुरावा म्हणून पाठीमागं राहतात त्या मातीवरच्या रेघा, त्याही पायानं पुसता येतात.

नियम गावोगावी वेगळे. कुठं बाद झालेला गडी दुसऱ्या बाजूचा गडी पडला की जिवंत होऊन परत यायचा, ती संजीवनी. कुठं बाद म्हणजे बाद, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर बसायचं, ती गमिनी. आणि कुठं गडी बाहेर जायचाच नाही, फक्त गुण मोजायचे, ती अमर. पाहुणा संघ आला की पहिला अर्धा तास कोणत्या तऱ्हेनं खेळायचं यावर भांडण. आजोबांच्या मते हे भांडणच मुख्य सामना होता. ज्या गावचा पाटील चढ्या आवाजाचा, त्या गावचे नियम.

१९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौज आली. या कारवाईचं लष्करी नाव ऑपरेशन पोलो. हैदराबादेत तेव्हा पोलोची मैदानं फार होती म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. म्हशीवरच्या पोलोनंतर पणजोबांच्या घराण्याचा त्या खेळाशी आलेला हा दुसरा संबंध. १७ तारखेला निजाम शरण आला आणि पुढच्याच दसऱ्याला रामलीला मैदानावर लोक असे जमले की पाय ठेवायला जागा नव्हती, असं आजोबा सांगायचे. हिंगोलीचा दसरा खाकीबाबा मठाच्या परंपरेतला, दीडशेहून अधिक वर्षांचा. रामलीला, प्रदर्शन, रावणदहन, कुस्त्यांची दंगल.

आजोबा स्वतः उर्दूतून शिकलेले. मराठी ते पुढं पोरांच्या पुस्तकांतून वाचायला लागले, पण वर्तमानपत्र उर्दूच. त्यातून त्यांना एक वेड लागलं होतं, ते म्हणजे हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाचं. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे प्रशिक्षक. या संघानं १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला, १९५० साली मोहन बागानला हरवून ड्युरँडही जिंकला. आमच्या आजोबांनी हा संघ उभ्या आयुष्यात एकदाही पाहिला नाही. हिंगोलीहून निघायचं तर १९१२ साली पूर्णेहून आलेली मीटरगेज होती, पूर्णेला गाडी बदलायची, आणि हातात पैसा नाही. पण बाजारातल्या हॉटेलात पेपर उघडून ते 'आपण जिंकलो' म्हणायचे. आपण! ज्या राजवटीनं आखाडे बंद ठेवले तिच्याच राजधानीतले पोलीस, आणि आपण. मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "निजाम वेगळा, बॉल वेगळा."

मग आलं १९५६. एक नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्य संपलं, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. २२ नोव्हेंबरला मेलबर्नला ऑलिंपिक सुरू झालं. रहीमसाहेबांनी तयार केलेल्या भारतीय संघानं ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे, आणि भारत चौथा आला. आजोबांना आनंद साजरा करायचा होता, पण कुठल्या बाजूनं करायचा हे कळेना. महिन्यापूर्वीपर्यंत रहीमसाहेब आपले होते. आता ते आंध्रचे झाले होते आणि डिसोझा मुंबईचा, म्हणून तो कायद्यानं आपला! आजोबांनी हॉटेलात दोन चहा मागवले, एक जुन्या राज्याचा, एक नव्या. दोन्ही स्वतःच प्यायले. १९६० साली पुन्हा राज्य बदललं, तेव्हा मात्र त्यांनी वेगळा चहा घेतला नाही. घर तेच, दार तेच, दारावरची पाटी बदलत होती.

मामाची पिढी कबड्डीची. तोवर १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला होता, बुवा साळवींसारख्यांनी खेळाला शिस्त लावली होती, संजीवनीचे नियम ठरले होते आणि पाटलाच्या आवाजाचं काम उरलं नव्हतं. राज्य अजिंक्यपद जिल्हावार. जिल्हा आमचा परभणी. त्यामुळं हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कुठलाही गडी निवडला गेला की छातीवर 'परभणी'. मामा दोनदा निवडला गेला. त्याची बनियन मामीनं अजून ठेवली आहे, मळकट लाल, अक्षरं कापडातून कापून हातानं शिवलेली. 'प' थोडा वाकडा. "परभणीवाल्यांनी सात पैकी सहा त्यांचे घेतले," मामा आजही कुरकुरतो. "एक आपला. तोबी कोपऱ्यात." कोपरारक्षक म्हणजे पायाची पकड घेणारा, चढाईवाला हिरो होतो आणि कोपऱ्यातल्याचे गुडघे सोलतात. मामाचे दोन्ही गुडघे बघितले की खात्री पटते.

मैदान करण्याचं त्याचं वेड मी जवळून पाहिलंय. स्पर्धेच्या आठ दिवस आधी जमीन नांगरून घ्यायची. ढेकळं फोडून बारीक करायची. मग पोरांना ओळीनं बसवून खडे वेचायला लावायचं. उकिडवं बसून, पुढं सरकत सरकत, प्रत्येकाकडं एक घमेलं. काळ्या मातीत पाणी नीट बसलं तर ती लोण्यासारखी होते, जास्त झालं तर चिखल, कमी पडलं तर दुसऱ्या दिवशी भेगा. म्हणून पाणी संध्याकाळी, झारीनं, आणि सकाळी वरून चाळलेली माती. शेवटी दोरी धरून फक्कीच्या रेषा: मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. एवढं करून दुसऱ्या दिवशी गुडघा सोललाच तर आमच्या भागात औषध विकत घ्यावं लागत नाही. हळदीचं पोतं प्रत्येक घरात. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामा म्हणाला, सरकारला उशिरा कळलं, माझ्या गुडघ्यांना पन्नास वर्षांपूर्वीच कळलं होतं.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. पाच तालुके, नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पाट्या. आमच्यासारख्या पोरांना त्यातलं एकच कळलं, की आता आपला संघ. मी तेव्हा कुमार गटाच्या सरावात राखीव होतो, म्हणजे पाण्याची बाटली माझ्याकडं असायची. नवे टी-शर्ट करायला पैसे नव्हते. कुणीतरी जुने 'परभणी'चे टी-शर्ट आणले आणि त्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून 'हिंगोली' रंगवलं. पहिला मैत्रीपूर्ण सामना ठरला तो परभणीशीच. दुसऱ्या डावात घाम आला, पकडापकडीत पट्ट्यांची शिवण उसवली आणि आमच्या तीन गड्यांच्या छातीवर खालून परभणी डोकवायला लागलं. पंचांनी खेळ थांबवून विचारलं, "तुमचा संघ कोणता?" आम्ही सणसणीत हरलो. तिकडच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून मामाच्या जुन्या संघातला एक जण बसला होता. सामना संपल्यावर तो आणि मामा एकाच ताटात जेवले. आम्हा पोरांना ते अजिबात आवडलं नाही.

अमेरिकेत लहान लहान शहरांचे बेसबॉलचे संघ असतात, वरच्या मोठ्या संघांना खेळाडू पुरवणारे. २०२१ च्या हंगामाआधी मोठ्या लीगनं त्यांची फेरमांडणी केली आणि १६० च्या आसपास संघांपैकी १२० च ठेवले. चाळीस गावांचं मोठ्या संघाशी असलेलं नातं एका निर्णयानं तुटलं. वाचताना मला ओळखीचं वाटलं. फरक इतकाच की तिकडं हे काम मालक करतात आणि आमच्याकडं महसूल खातं. आमच्याकडं सहसा नावं वाढतात, कमी होत नाहीत, हे आमचं नशीब. लहान जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेत पहिल्या फेऱ्यांत गारद होतो, हे खरं. पण सात पैकी सात आपले असतात. मामाच्या कुरकुरीला तिथं उत्तर मिळतं. ते त्याला मान्य नाही, कारण त्याच्या मते सात चांगले मिळणं अवघड, एक चांगला मिळायचाच.

१ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं प्रो कबड्डी पहिल्यांदा जिंकली, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून. अंतिम सामना हैदराबादला होता. आजोबा असते तर त्यांनी किती चहा मागवले असते कुणास ठाऊक.

मामाची नात आता कबड्डी खेळते. मुलींचे संघ आमच्याकडं खेडोपाडी झालेत, आणि पहाटे धावायला जाणाऱ्यांत मुलांपेक्षा मुलीच जास्त दिसतात. परवा ती निवड चाचणीचा नवा टी-शर्ट घालून मामाला दाखवायला आली. छातीवर एका बियाणे कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात. हिंगोली गेली होती पाठीवर, नंबरच्या खाली.

"गावाचं नाव मागं कामून?" मामानं चष्मा लावून विचारलं.

"त्यांनी बूट दिलेत, आबा."

मामानं बूट मागवला. उलटा केला, तळव्यावर बोटानं टकटक केलं, आत हात घालून बघितलं, किंमत विचारली, आणि ऐकून खाली ठेवला. "पंजा असा बांधून ठेवल्यावर माती कशी कळंल?"

"माती कुठाय आबा, मॅट हाय."