आजोबांची नल्ली आणि माझं तिकीट

कोकणातल्या माणसाला समुद्राची मोठी हौस असते, असं घाटावरच्या मंडळींना वाटतं. खरं सांगायचं तर आमच्याकडे समुद्रावर हौसेनं कुणी जात नसे. मासे मारायला जात, नोकरीला जात, मुंबई गाठायला दुसरी सोय नव्हती म्हणून आगबोटीत बसत. हजला जात तेही बोटीनंच. ती बोट १९९५ पासून बंद झाली आणि सगळे हाजी विमानानं जाऊ लागले. पण नुसतं फिरायला, खायला आणि डेकवर खुर्ची टाकून बसायला बोटीत चढायचं, हे माझ्या दादांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात.

दादा खलाशी होते. दाभोळच्या खाडीकाठचं आमचं गाव. तिथून ते मुंबईला आले, डोंगरीत गावकीच्या खोलीत राहिले आणि विलायतेला जाणाऱ्या बोटींवर तीसेक वर्षं राबले. शेवटी तांडेल होऊन घरी परतले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक मळकं पुस्तक होतं. कुठल्या बोटीवर किती दिवस काम केलं आणि वर्तणूक कशी होती, याच्या शिक्क्यांनी भरलेलं. खलाशी त्याला ‘नल्ली’ म्हणत. नल्ली नाही तर नोकरी नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं मुंबई–गोवा–मुंबई अशा क्रूझचं तिकीट माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, “अब्बा, समुद्रावर एवढ्या कविता केल्यात, आता एकदा त्याच्यावर झोपून या.” मी त्या पेटीतली नल्ली काढली, शेजारी तिकीट ठेवलं आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत बसलो. ही समुद्रावरच्या सुट्टीची कल्पना मुळात कुणाला आणि केव्हा सुचली, याचा शोध मी तिथून सुरू केला.

एक सुरुवात १८४४ ची सापडते. पी अँड ओ ही आगबोट कंपनी तेव्हा नवी होती. टपाल आणि प्रवासी नेता नेता भूमध्य समुद्राची सैर घडवावी, असं तिनं ठरवलं. जाहिरात कशी करायची? तिनं एका लेखकाला फुकट नेलं. हा लेखक म्हणजे विल्यम मेकपीस थॅकरे, जन्मानं कलकत्त्याचा. त्यानं जिब्राल्टर, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, कैरो असा फेरा केला आणि १८४६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे फुकटचा प्रवास आणि त्याबदल्यात कौतुकाचे चार शब्द ही रीत आजची नाही.

पण पहिल्यांदा बोटीवर सुट्टीला निघालेल्या माणसाची खरी गोष्ट आहे ती १८६७ ची. न्यूयॉर्कहून ८ जूनला ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट निघाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात वापरलेली ही बोट आता सहलीला काढली होती. भाडं माणशी १२५० डॉलर. तेव्हा ही फार मोठी रक्कम. प्रवासी बहुतेक पैसेवाले, वयस्क आणि धार्मिक वळणाचे. त्यांच्यात एकतीस वर्षांचा एक वार्ताहर होता, मार्क ट्वेन. त्याचं भाडं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रानं भरलं होतं आणि त्याबदल्यात त्यानं पत्रं लिहून पाठवायची होती. बोट निघाली खरी, पण हवा इतकी खराब की बंदराच्या तोंडाशीच दोन दिवस नांगर टाकून पडून राहिली. पुढे अॅझोर्स, मार्सेय, जिनोव्हा, नेपल्स, कॉन्स्टँटिनोपल, याल्टा, पॅलेस्टाईन, इजिप्त असा फेरा करून १९ नोव्हेंबरला ती परत न्यूयॉर्कला लागली.

या प्रवासावरचं ट्वेनचं पुस्तक १८६९ मध्ये आलं आणि त्यानं त्याचं नाव झालं. क्रूझवर पहिल्यांदा गेलेल्या माणसाचे सगळे अनुभव त्यात आहेत. बोट लागून इतर सगळे आडवे झाले असताना आपलं पोट शाबूत राहिलं की माणसाला केवढा गर्व चढतो, हे त्यानं मिस्कीलपणे सांगितलंय. प्रवाशांची डायरी लिहिण्याची हौस पहिल्या उत्साहानंतर कशी मावळते, हेही आहे. आता तिथे मोबाइलवरचे फोटो आले, एवढाच फरक.

पुढचं पाऊल जर्मनीत पडलं. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनचा आल्बर्ट बालिन हा माणूस घरच्या धंद्यापासूनच स्थलांतरितांची तिकिटं विकण्यात मुरलेला होता. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळतो, प्रवासी घटतात, मोठमोठ्या बोटी धक्क्याला बसून खर्च खातात. मग त्या उबेच्या समुद्रात सहलीला का नेऊ नयेत? जानेवारी १८९१ मध्ये त्यानं ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्रात पाठवली. जवळजवळ दोन महिन्यांची ही सहल इतकी यशस्वी झाली की १९०० मध्ये केवळ सहलीसाठीच बांधलेली बोट त्यानं पाण्यात सोडली. पी अँड ओनंही १९०४ मध्ये आपली ‘रोम’ ही जुनी बोट सजवून ‘व्हेक्टिस’ या नावानं सहलींना लावली. क्रूझचा जन्म असा हौसेइतकाच व्यापारी हिशेबातून झाला.

आता पुन्हा मार्क ट्वेनकडे येऊ या, कारण इथे गोष्ट आमच्या खाडीच्या तोंडाशी येते. ‘क्वेकर सिटी’नंतर अठ्ठावीस वर्षांनी तो पुन्हा लांबच्या समुद्रप्रवासाला निघाला, या वेळी नाइलाजानं. साठीचा झाला होता, दिवाळं निघालं होतं, देणी फेडायला जगभर व्याख्यानं देत फिरत होता. ऑस्ट्रेलियाहून कोलंबोला तो पी अँड ओच्या ‘ओशियाना’वरून आला आणि तिथून दुसऱ्या बोटीनं जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला उतरला. ‘ओशियाना’वर त्यानं आयुष्यात प्रथमच हिंदुस्थानी खलाशी पाहिले. त्यांचे अनवाणी पाय, पांढरे सुती कपडे, कमरेचा तांबडा पट्टा, डोक्यावरचं लाल फडकं, काळेभोर केस, सौम्य चेहरे, सगळं त्यानं टिपून ठेवलंय. कामाला तयार आणि हुशार असंही म्हटलंय. आणि हे लोक मुंबई आणि तिथल्या आसपासच्या किनाऱ्यावरचे, अशी नोंद केलीय.

हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आसपासचा किनारा म्हणजे आम्हीच की! पण त्याच दमात त्यानं एक ऐकीव गोष्टही लिहून टाकली, की संकट आलं की म्हणे हे लोक घाबरून सैरभैर होतात. स्वतः पाहिलेलं त्यानं प्रेमानं लिहिलं आणि न पाहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून घेतलं.

त्या काळच्या पी अँड ओच्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर कोकण-गुजरातच्या किनाऱ्याचे खलाशी, त्यांच्यावर तांडेल आणि सर्वांत वर सारंग. खाली इंजिनाच्या धगीत पंजाब आणि सरहद्दीकडचे आगवाले आणि कोळसेवाले. जेवणघरात गोव्याचे, मुंबईत त्यांचा मुक्काम धोबीतलावच्या ‘कूड’मध्ये असे. पगार गोऱ्या खलाशाच्या साधारण तिसरा ते पाचवा हिस्सा आणि झोपायची जागाही कमी. प्रवासी उठायच्या आत डेक धुऊन लख्ख करायचा आणि मग दिसेनासं व्हायचं, असं दादा सांगत. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, “दादा, लंडन केवढं आहे हो?” ते म्हणाले, “धक्क्याएवढं.” तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

सैरभैर होण्याबद्दल बोलायचं तर मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये जावं. दोन्ही महायुद्धांत बुडालेल्या आणि ज्यांना कबर मिळाली नाही अशा हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदीतच सहा हजारांहून अधिक नावं आहेत. दादांचा एक चुलतभाऊ १९४२ साली गेला. त्याचं नाव शोधायला मी गेलो होतो, पण अब्दुल रहमान नावाची माणसं तिथे एकाखाली एक आहेत. त्यांतला आमचा कुठला, ते मला ठरवता आलं नाही. सगळ्यांसाठी फातेहा पढून परत आलो.

युद्धानंतर बोटींचे दिवस फिरले. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि आठवड्याभराचा प्रवास काही तासांवर आला. पोचण्यासाठी बोट नको झाली, म्हणून बोटीनं पोचणंच सोडून दिलं. १९६६ च्या अखेरीस मायामीहून कॅरिबियन समुद्रात नियमित सहली सुरू झाल्या आणि आजचा क्रूझचा धंदा तिथून वाढला. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर ७६०० पर्यंत प्रवासी मावतात आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २३५० कर्मचारी असतात. आमच्या मुंबईहूनही अशा मोठ्या बोटीच्या सहली निघू लागल्या.

अशाच एका सहलीसाठी मी बॅलार्ड पिअरला पोचलो. बोट हलण्याआधी आम्हा सगळ्यांना एकत्र उभं करून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकवलं. लोक हसत होते, सेल्फी काढत होते. मला हसू येईना, कारण हा सराव आधीच का घेतात ते मी वाचून गेलो होतो. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून आडवी झाली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव अजून व्हायचा होता. बोटीचा कप्तान प्रवासी आत असतानाच बाहेर पडला. त्याला पुढे शिक्षा झाली. आणि शेवटचा बेपत्ता माणूस सापडला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, बोट तोडताना. तो मुंबईकडचा एक वेटर होता. मार्क ट्वेनला हे कळायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही क्रूझ कोरोनामुळे अडकली, ते तुम्हाला आठवत असेल. तिच्यावर ३७११ माणसं होती. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते आणि कर्मचारी दारोदार जेवण पोचवत होते. बोटीवर १३८ भारतीय होते. त्यांतले कर्मचारी किती? १३२. आणि प्रवासी? फक्त ६. हा आकडा माझ्या मनातून जात नाही. दोन्ही बाजूंना भारतीयच होते. फरक एवढाच की कुणी दाराच्या आत होते आणि कुणी बाहेर.

पहिल्या रात्री मला बोट लागली नाही आणि ट्वेननं सांगितलेला तो गर्व मलाही थोडासा चढला. मी डेकवर उभा राहून आमच्या खाडीचा दिवा दिसतो का ते बघत होतो. बोट किनाऱ्यापासून बरीच लांब होती. दूरवर एक-दोन दिवे लुकलुकले, ते कुठले हे काही सांगता आलं नाही. मागे संगीत चालू होतं, लोक नाचत होते. मला वाईट वाटलं असं नाही. माणसानं नाचावं, सुट्टी घ्यावी. दादांनी कधी घेतली नाही, म्हणून मी घेऊ नये असं थोडंच आहे?

माझी खोली आवरायला येणारा मुलगा मला ‘सर, सर’ करत होता. बोलता बोलता कळलं, तो श्रीवर्धनकडचा. गावाचं नाव निघाल्यावर ‘सर’चं ‘चाचा’ झालं. कंत्राट सात महिन्यांचं, झोपायला खालच्या मजल्यावरची चौघांची खोली, तिला खिडकी नाही. घरी बहिणीचं लग्न आहे. मी म्हटलं, “दर आठवड्याला गोवा बघायला मिळत असेल, मजा आहे!” तो चादर ताणत म्हणाला, “बघतो की चाचा, धक्क्यावरून.”

क्षणभर मला काही सुचलं नाही. ऐंशी वर्षांत बोट दहापट मोठी झाली, कोळसा गेला, गोरा साहेब गेला, पगारही पुष्कळ सुधारला. पण धक्क्यापलीकडचं गाव अजून प्रवाशांचंच आहे. दादांनी लंडन धक्क्याएवढं पाहिलं ती थट्टा नव्हती, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

उतरताना सगळ्यांच्या हातात अभिप्रायाचा कागद देतात. जेवण कसं होतं, करमणूक कशी होती, चौकोनात खुणा करायच्या. शेवटी एक ओळ असते : कुणाची सेवा विशेष आवडली असल्यास नाव लिहा. बहुतेक लोक ती तशीच सोडून देतात. मी त्या मुलाचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आणि पुढे गावही लिहिलं. त्याच्या मागून अब्दुल रहमान पुष्कळ येतील. त्यांत हा कुठला, हे कुणाला तरी ओळखता यायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)