दानवीर शेठ माणिकचंद जव्हेरी : एका कुटुंबप्रमुखाचे पुण्यस्मरण

दिगंबर जैन समाजाच्या अर्वाचीन इतिहासात दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १८५१ साली सुरतेस झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. मुंबईत या बंधूंनी मोती पोवण्याच्या कामापासून आरंभ केला आणि पुढे ‘माणिकचंद पानाचंद’ ही मोत्यांची पेढी नावारूपास आणली. या धंद्यात पारख डोळ्याची व व्यवहार विश्वासाचा. तेच त्यांचे खरे भांडवल.

त्या काळी उच्च शिक्षणासाठी मुंबईस येणाऱ्या जैन मुलांची मोठी कुचंबणा होई. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी, नित्य देवदर्शन हे परक्या खाणावळीत कोठून मिळणार? धर्म राखावा तर शिक्षण सुटे. ही अडचण ओळखून शेठजींनी वडिलांच्या नावे ‘हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग’ उभारले. सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळाही त्यांचीच. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगलाही त्यांचे साहाय्य लाभले. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्याच बोर्डिंगचे विद्यार्थी. १९०२ साली स्थापन झालेल्या तीर्थक्षेत्र कमिटीतही त्यांचा पुढाकार होता.

परंतु त्यांची खरी कसोटी घरातच लागली. कन्या मगनबाई तरुण वयात विधवा झाल्या. विधवेने कोपरा धरावा, चारचौघांत येऊ नये, ही तेव्हाची रूढी. एवढ्या मोठ्या घराण्याच्या प्रमुखाने ती मोडणे सोपे नव्हते. शेठजींनी मुलीच्या हाती पुस्तक दिले. संस्कृत व धर्मशास्त्राचे अध्ययन करविले आणि तिला सभांतून बोलू दिले. पाठशाळेस देणगी देणारे पुष्कळ असतात, स्वतःच्या लेकीसाठी लोकापवाद सोसणारे विरळा! मगनबाईंनी ललिताबाईंच्या साथीने श्राविकाश्रम चालविला, तर सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकुबाई त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. कित्येक निराधार भगिनी तेथे शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

शास्त्रे छापणे हे पाप, असे मानणारे लोक त्या वेळी समाजात कमी नव्हते. शेठजी मात्र मुद्रणाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. १९१४ साली त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर पं. नाथूराम प्रेमी यांच्या परिश्रमांतून ‘माणिकचंद दिगंबर जैन ग्रंथमाला’ सुरू झाली आणि भांडारांत कुलूपबंद पडलेले प्राचीन ग्रंथ वाचकांच्या हाती आले. मगनबाईंनी वडिलांच्या पश्चात १९३० पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, श्राविकाश्रमाचे कार्य सांभाळले.