मूळ कोणतें, क्षेपक कोणतें?
(दोन कार्ब्युरेटरांचा इतिहास)

जुनी पोथी हातीं घेणाऱ्यास एक प्रश्न पदोपदीं अडवितो: यांत मूळ कोणतें आणि मागाहून घातलेलें कोणतें? एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हांपासून तरी महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाहीं. क्षेपक सांपडला कीं तो वेगळा काढावा, असें आम्ही वर्गांत शिकवितों. आणि ग्रंथापुरतें तें योग्यहि आहे. परंतु हा वाद यंत्रांचाहि आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जुनी मोटारगाडी मूळ स्थितींत आणणें हा आज अनेक देशांतील हौशी लोकांचा छंद आहे. त्यांत हमखास वाद उत्पन्न करणारी एक वस्तु म्हणजे एका कार्ब्युरेटरच्या जागीं बसविलेली दोन कार्ब्युरेटरांची जोडी. १९३२ सालच्या फोर्ड गाडीवर अशी जोडी आढळली, तर ती काढून कारखान्यानें दिलेला एकच कार्ब्युरेटर पुन्हा बसवावा, कीं जोडी तशीच राहूं द्यावी? प्रश्न दिसतो मिस्त्रीचा. पण आमच्या मतें तो इतिहासकाराचा आहे.

प्रथम कार्ब्युरेटर म्हणजे काय, हें पाहूं. पेट्रोल नुसतें जळून एंजिन चालत नाहीं. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते, व पेट्रोलाचे बारीक तुषार त्या हवेंत मिसळावे लागतात. हें मिश्रण सिद्ध करणारें पात्र तो कार्ब्युरेटर. त्याचा गळा मध्यें चिंचोळा केलेला असतो. चिंचोळ्या जागीं वाऱ्याचा वेग वाढतो व दाब उतरतो. इटलीतील व्हेंच्युरी या शास्त्रज्ञानें १७९७ सालीं प्रवाहांविषयीं जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांवरून या गळ्यास त्याचेंच नांव मिळालें. दाब उतरला कीं बाजूच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल आपोआप वर ओढलें जातें. १८९३ च्या सुमारास जर्मनींत मायबाख आणि हंगेरींत बांकी व चोंका यांनीं तुषार उडविणारे कार्ब्युरेटर सिद्ध केले, आणि मोटारगाडीच्या छातींत खरा श्वास भरला.

आतां फोर्डकडे वळूं. १९३२ च्या मार्च महिन्यांत हेन्री फोर्डनें आठ सिलिंडरांचें एंजिन सामान्य माणसाच्या गाडींत घालून बाजारांत आणलें. चार सिलिंडर एका अंगास, चार दुसऱ्या अंगास, अशी ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी मांडणी होती. आठ सिलिंडरांचीं एंजिनें तोंवर धनिकांच्या गाड्यांत असत. फोर्डनें तीं दुकानदाराच्या व शेतकऱ्याच्या दारीं नेलीं. या एंजिनाचें आकारमान २२१ घनइंच आणि शक्ति ६५ घोड्यांची. दोन रांगांच्या मधल्या दरींत मॅनिफोल्ड नांवाचा ओतीव नळकोंडाळा बसे, व त्याच्या माथ्यावर एकच, एका गळ्याचा कार्ब्युरेटर. १९३४ सालीं कंपनीनें मॅनिफोल्ड बदलला आणि दोन गळ्यांचा स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर दिला; प्रत्येक गळा चार चार सिलिंडरांस मिश्रण पोंचवी. शक्ति ८५ घोड्यांवर गेली. एंजिनास शक्ति कमी नव्हती, श्वास अपुरा होता, हें कारखान्यानेंच एका अर्थीं कबूल केलें.

एक साधा हिशेब केला म्हणजे याचें मर्म कळेल. असें एंजिन दर दोन फेऱ्यांस २२१ घनइंच जागा भरून घेऊं पाहतें. मिनिटास ४००० फेऱ्या झाल्या तर, सिलिंडर पूर्ण भरल्यास, सुमारें २५६ घनफूट हवा लागेल. पुढें १९३६ पासून फोर्डवर जो स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर आला, त्याच्या गळ्याचा व्यास अवघा ०.९७ इंच, त्याचें नांव त्यावरूनच पडलें. बाजारहाटास जाणाऱ्यास तेवढा गळा पुरे. पण वेगाचें वेड लागलेल्यास तो पुरेना.

असे वेडे दक्षिण कॅलिफोर्नियांत पुष्कळ होते. लॉस एंजलिसच्या पलीकडे मोहावे वाळवंटांत मुरॉक, रोझामंड, एल मिराज अशीं कोरडीं सरोवरें आहेत. हिवाळ्यांतील पाऊस त्यांचें तळ सारवून काढतो आणि उन्हाळा तीं भाजून टणक करतो. शहरांतील तरुण मिस्त्री सुटीच्या दिवशीं आपल्या जुन्या गाड्या घेऊन तेथें जात, पुढची कांच व चाकांवरचे पत्रे उतरवीत, आणि गाडी किती धांवते तें मोजवून घेत. १९३७ सालीं त्यांच्या निरनिराळ्या मंडळांनीं मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापिली. हे श्रीमंतांचे कुमार नव्हते; मंदीच्या काळांत वाढलेलीं, हातांना ग्रीस लागलेलीं अशीं तीं पोरें होतीं. कारखान्यानें दिलेली वस्तु ही शेवटची, असें त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें, हें त्यांचें भाग्य!

त्यांतला एक व्हिक एडलब्रॉक. कॅन्ससमधील एका खेड्यांत १९१३ सालीं जन्म. बापाचें किराणा दुकान जळालें तेव्हां शाळा सुटली. १९३१ सालीं तो कॅलिफोर्नियांत आला आणि पुढें दुरुस्तीचें दुकान थाटून बसला. १९३८ सालीं त्यानें १९३२ ची एक उघडी फोर्ड घेतली. टॉमी थिकस्टन याच्याबरोबर त्यानें मॅनिफोल्डाचें काम केलें, पण त्यानें त्याचें समाधान होईना; तेव्हां दोन स्ट्रॉम्बर्ग बसतील असा स्वतःचा मॅनिफोल्ड त्यानें आंखला व ओतविला. त्यास नांव पडलें ‘स्लिंगशॉट’, म्हणजे आपली बेचकी. असे सुमारें शंभरच मॅनिफोल्ड झाले. नोव्हेंबर १९४१ मध्यें रोझामंडच्या तळावर ती गाडी ताशीं १२१.४२ मैल धांवली. लक्षांत घ्या, ही शर्यतीसाठीं वेगळी बांधलेली गाडी नव्हती. एडलब्रॉकची रोजच्या वापरांतली गाडी होती.

दोन कार्ब्युरेटर घातले म्हणजे शक्ति दुप्पट झाली, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. काम दिसतें तितकें सोपें नाहीं. मूळ मॅनिफोल्ड सोडवावयाचा, ब्लॉकवरची बैठक खरवडून स्वच्छ करावयाची, नवें पॅकिंग घालावयाचें, आणि नवा मॅनिफोल्ड ठेवून बोल्ट मधून कडांकडे थोडे थोडे आवळीत जावयाचें. कोठें केसाएवढी फट राहिली तरी चोरटी हवा आंत शिरते, मिश्रण पातळ होतें आणि एंजिन अडखळतें. जुन्या मॅनिफोल्डाच्या पुढच्या अंगास जनरेटर असे. त्याचीहि सोय पाहावी लागे. पुढचें संकट याहून सूक्ष्म. गाडी हळू चालत असतां थोडीच हवा दोन कार्ब्युरेटरांत वांटली जाते, गळ्यांतला वेग मंदावतो, आणि जेटमधून पेट्रोल नीट ओढलें जात नाहीं. म्हणून कोणी जेट बदलीत. कोणी अशी दांडी जोडीत कीं आधीं एकच कार्ब्युरेटर उघडावा व पाय अधिक दाबल्यावर दुसऱ्यानें साथ द्यावी.

आणि शेवटीं दोहोंचा मेळ. मधली दांडी सोडवून, रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं धरून मिस्त्री हवेचा सूत्कार ऐकतो. मग दुसऱ्याचा ऐकतो. दोन्ही सूत्कार सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवितो आणि मगच दांडी जोडतो. दोन तंबोरे एका सुरांत लावणाऱ्या गवयाची आठवण व्हावी, असें हें काम आहे. एक जरी बेसूर राहिला तरी दोन असूनहि एकाहून वाईट.

या हौसेस किंमतहि द्यावी लागली. फिल वायअँड हा तरुण मुरॉकवर गाडी उलटून कायमचा पांगळा झाला; तरीहि त्यानें पुढें फोर्डच्या या एंजिनासाठीं मॅनिफोल्ड बनविण्याचा धंदा उभारला. एडलब्रॉकच्या त्या धांवेनंतर महिना लोटला नाहीं तोंच, ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि पोरें युद्धावर गेलीं. मुरॉकचा तळ लष्कराकडे होता. तेथूनच निघून १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं येगर या वैमानिकानें ध्वनीचा वेग मागें टाकला. युद्धानंतर पोरें परतलीं. १९४६ सालीं एडलब्रॉकनें आपल्या मालाची पहिली यादी काढली, आणि दुकानामागील उद्योगाचा कारखाना झाला.

आतां मूळ प्रश्न. १९३२ ची फोर्ड सांपडली, तिच्यावर असा जुना मॅनिफोल्ड आहे, व डॅशबोर्डवर तिचा वेग नोंदलेली लहानशी पितळी पट्टी आहे. शुद्धतावादी म्हणतील, हा क्षेपक, काढून टाका. तसें केलें तर काय होईल? गाडी १९३२ ची होईल खरी, पण १९३२ च्या तशा गाड्या ठिकठिकाणीं आहेत. पुसलें जाईल तें त्यानंतरचें दशक: मंदींत वाढलेल्या त्या पोरांचें, ज्यांनीं आपला इतिहास कागदावर लिहिला नाहीं, लोखंडांत व ॲल्युमिनियममध्यें लिहिला.

आमचाहि एक अपराध येथें सांगतों. तरुणपणीं वडिलांच्या संग्रहांतील एका संस्कृत व्याकरणाची प्रत आमच्या हातीं आली. समासांत कोणीं पेन्सिलीनें बारीक टिपणें केलीं होतीं. प्रत ‘स्वच्छ’ करावी म्हणून आम्हीं दोन दुपार खपून तीं रबरानें पुसलीं. वडिलांनीं पाहिलें तेव्हां ते रागावले नाहींत, इतकेंच म्हणाले, “तीं आमच्या गुरुजींचीं होतीं.” छापील व्याकरण आजहि कोठेंहि मिळेल. तीं टिपणें गेलीं तीं गेलींच.

तथापि जें जें घातलेलें तें तें राखावें, असा आमचा आग्रह नाहीं. आज कोणी अस्पर्श राहिलेल्या गाडीवर नवी जोडी बसवून ती ‘त्या काळची’ म्हणून मिरवील, तर तें खरोखरच क्षेपक. त्यास इतिहासाचें नांव देऊं नये. हौसेसाठीं बसवावयाची तर खुशाल बसवावी, कारण मॅनिफोल्ड बोल्टांनीं बसतो आणि बोल्टांनींच निघतो. मात्र काढलेला जुना भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा, आणि काय केव्हां बदललें हें लिहून ठेवावें. कसोटी एकच: भर कोणीं घातली, केव्हां, आणि कोणत्या गरजेनें? यांचीं उत्तरें पुराव्यानें देतां आलीं तर ती भर ग्रंथाचें दूषण नव्हे, भाष्य होय.

कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें जुन्या, निर्दोष गाड्यांचें मोठें प्रदर्शन भरतें. शुद्धतेचा मान तेथें फार. त्या प्रदर्शनानें १९९७ सालीं अशा फेरफार केलेल्या गाड्यांसाठीं प्रथमच स्वतंत्र वर्ग उघडला. कोरड्या सरोवरांची धूळ खाल्लेल्या गाड्या हिरवळीवर येण्यास अर्धशतक लागलें. आमच्या गांवोगांवच्या मिस्त्रींनीं परदेशी यंत्रांत आपल्या बुद्धीनें केलेले फेरफार कोणीं नोंदले आहेत? त्यांच्या वस्तु भंगारांत जाण्यापूर्वीं कोणी वही घेऊन त्यांच्या दुकानीं जाऊन बसेल, तर व्याकरणाच्या त्या पुसलेल्या पानांचें ऋण थोडें तरी फिटेल, असें आम्हांस वाटतें.