चापावरचं बोट कुणाचं?

ओकलंड हे नाव आपल्याला परकं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं हे बंदराचं शहर. इथंच ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. तिच्याच नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

ते पँथर काय करायचे? पोलिसांची गाडी वस्तीत शिरली की मागोमाग जायचे. सोबत बंदूक आणि कायद्याचं पुस्तक. पोलीस कुणाला अडवतात, कसं वागवतात, यावर अंतर राखून नजर ठेवायचे. बंदूक उघड बाळगणं तेव्हा तिथल्या कायद्यात बसत होतं. पण काळ्या हातात ती दिसली आणि राज्यकर्त्यांची झोप उडाली. १९६७ सालीच मुलफर्ड कायदा आला. भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरणं बंद.

आता पंचावन्न वर्षं पुढं या. २०२२ साली त्याच ओकलंडच्या पोलिसांना रोबोवर शॉटगन चढवायची होती. बॉम्ब निकामी करायला रोबोवर एक नळी असते, तिच्यात जिवंत काडतूसही बसतं. बोभाटा झाला, मग माघार घेतली. खाडीपलीकडं सॅन फ्रान्सिस्कोत तर २९ नोव्हेंबरला नगरमंडळानं ८ विरुद्ध ३ मतांनी ठरावच पास केला, की अगदी टोकाच्या प्रसंगी पोलिसांनी रोबोकरवी माणूस मारला तरी चालेल. लोक नगरभवनाच्या पायऱ्यांवर जमले. ६ डिसेंबरला ठराव फिरला. लोकांना हे कळलं कसं? पोलिसांनी आपल्याकडचं लष्करी सामान जाहीर करून मंजुरी घ्यावी, असा कायदा तिथं २०२१ साली झाला होता. यादी उघड झाली म्हणून आवाज उठला.

हे भय हवेतलं नव्हतं. जुलै २०१६ मध्ये डॅलस शहरात पोलिसी गोळीबाराच्या निषेधाचा मोर्चा चालू असताना एका काळ्या माजी सैनिकानं पाच पोलीस मारले. बोलणी फिसकटली. मग पोलिसांनी रोबोच्या हातात सुमारे एक पौंड स्फोटक देऊन त्याच्याजवळ पाठवलं आणि उडवलं. त्या माणसाची बाजू मी घेत नाही. पण त्याला कोर्टात उभं करायचं राहून गेलं, ते गेलंच.

डॅलसचा रोबो माणूसच दुरून चालवत होता. आता त्या माणसालाही बाजूला काढायची भाषा आहे. यंत्रच बघेल, यंत्रच ठरवेल, यंत्रच झाडेल. आणि म्हणे यंत्राला जात नसते, रंग नसतो.

मी गिरणीत मागावर उभा असतो. धागा तुटला की ऑटोमॅटिक माग आपोआप थांबतो. पण कशाला तुटणं म्हणायचं, ते आधी माणसानंच त्यात बसवलेलं असतं. बंदुकीचंही तेच होणार. 'संशयित' कुणाला म्हणायचं हे तिला कोण शिकवणार? १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवून रजिस्टरात नोंदवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण पारध्याचं पोर दिसलं की पोलिसाच्या डोक्यातलं रजिस्टर आजही उघडतं. यंत्राच्या पुढ्यात तेच रजिस्टर ठेवलं जाईल.

आणि दुसरी गोष्ट. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलानं गोळ्या झाडल्या. आपली १० माणसं गेली. बारा वर्षांनी, २००९ साली, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला कोर्टानं दोषी धरून जन्मठेप दिली. न्याय पुरा झाला असं मी म्हणत नाही. पण पिंजऱ्यात उभं करायला एक माणूस होता. चापावर बोट होतं, तोंडातून हुकूम निघाला होता. उद्या रोबोनं दहा माणसं पाडली तर पिंजऱ्यात कोण? लोखंड? कंपनी म्हणेल, पोलिसांना विचारा. पोलीस म्हणतील, मशीन चुकलं.

म्हणून आत्तापासून विचारायला शिका. आपल्या शहराच्या पोलिसांनी काय काय विकत घेतलंय? ते कुणाच्या वस्तीत फिरणार? हुकूम कुणाचा, सही कुणाची? ओकलंडच्या पोरांच्या हातात कायद्याचं पुस्तक होतं. आपल्याकडं तर बाबासाहेबांची घटना आहे. ती उघडा.

जय भीम.