माथाडी कामगार (सातारा-सांगली)

माथाडी कामगार : बाजारपेठा, गोदामे व रेल्वेचे मालधक्के येथे मालाची चढउतार करणारा, थप्पी लावणारा, पोती भरून शिवणारा अंगमेहनती कामगार. माथ्यावर ओझे वाहतो म्हणून माथाडी. मुंबईतील माथाडींमध्ये सातारा-सांगलीकडील माणसांचा भरणा मोठा आहे. पाटण-जावळीच्या डोंगरात जमिनीचे तुकडे लहान, माण-आटपाडीकडे पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे तरुण मुंबई गाठत आणि गाववाल्याच्या ओळखीने टोळीत शिरत.

टोळीचा म्होरक्या मुकादम. दोघांनी पोते उचलून द्यायचे, तिसऱ्याने ते डोक्यावरच्या चुंबळीवर तोलत गाळ्यापर्यंत न्यायचे. मजुरी पोत्यामागे, तिला वाराई म्हणतात. एकाच दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल उतरवला जाई. त्यामुळे ‘हा माझा नोकर’ असे कुणीच म्हणत नसे. रजा, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई हे सारे ‘मालक कोण?’ या एका प्रश्नावर अडून राही.

हा प्रश्न लढ्याच्या ऐरणीवर आणला अण्णासाहेब पाटील (१९३३–१९८२) यांनी. ते पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. या संघर्षातून महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ आला. गोदी कामगारांसाठी १९४८ मध्ये असाच केंद्रीय कायदा झाला होता. नव्या कायद्याने कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे नेमण्याची तरतूद केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने कामगाराला पगार द्यायचा आणि लेव्हीतून निधी, उपदान, रजा, बोनस यांची सोय करायची. एकट्या व्यापाऱ्यावर न टाकता येणारी जबाबदारी अशी साऱ्या बाजारावर आली. असंघटित श्रमिकांसाठी देशात झालेल्या कायद्यांत याचे मोल फार मोठे आहे.

माथाडी केवळ मुंबईत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-गुळाची उलाढाल हमालांच्या पाठीवरच चालते. कायद्याच्या अनुसूचीत बाजार समित्यांमधील कामे आहेत. त्यांत ओझे वाहण्याबरोबर माल निवडणे व साफ करणेही येते. ही कामे बहुतांशी बायका करतात, पण माथाडी म्हणताच डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. कायद्याचे लाभ मात्र मंडळाच्या नोंदवहीतूनच मिळतात. निवडणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव त्या वहीत चढल्याशिवाय १९६९ चे काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही.