उजनीकाठी नेचा जगवताना

नेचे अर्थात 'फर्न' ही फुले, फळे व बी न धरणारी, केवळ पानांच्या शोभेसाठी लावली जाणारी सदाहरित वनस्पती. सावली, गारवा आणि दमट हवा तिला मानवते. सोलापूर जिल्हा मात्र पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पाऊस साधारण ५५० मिलिमीटर, तर एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे! १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय करमाळा व माढा तालुक्यांतील गावांना लागून पसरला आहे. परंतु पाणी जवळ असले म्हणजे अंगणातील हवा दमट असतेच असे नाही. काठावरही उन्हाळ्यातील दुपारचा वारा कोरडाच असतो.

या भागात नेचा मरतो तो बहुधा उष्णतेपेक्षा कोरड्या हवेने आणि क्षारयुक्त पाण्याने. जुन्या विहिरींच्या दगडी चिरांत हंसराजासारखे नेचे भर उन्हाळ्यात हिरवे दिसतात, कारण तेथे थेट ऊन व वारा पोहोचत नाही आणि खालून ओलावा मिळत राहतो. हीच स्थिती घरी निर्माण करावी लागते.

निवड : नवशिक्यांनी नेफ्रोलेपिस लावावा. त्यातील 'बोस्टन फर्न' हा प्रकार १८९४ मध्ये अमेरिकेत बोस्टनला आलेल्या रोपांत वेगळा आढळला आणि जगभर पसरला. याच गटातील, मुळांवर पाणी साठविणाऱ्या गाठी धरणारा नेचा अधिक काटक असतो. रुंद पानांचा 'बर्ड्स नेस्ट' हाही टिकाऊ आहे. मात्र त्याच्या मधल्या गाभ्यात पाणी ओतू नये, तो कुजतो. नाजूक हंसराज अनुभव आल्यावरच लावावा.

माती : येथील काळी माती चुनखडीयुक्त व पाणी धरून ठेवणारी असल्याने कुंडीत वापरू नये. लाल माती, पालापाचोळ्याचे कुजलेले खत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समप्रमाणात घ्यावा. तळाशी विटांचे तुकडे घालावेत. कुंडी बदलणे व गड्ड्याचे विभाजन जून-जुलैमध्ये करावे.

जागा : पूर्वेची किंवा उत्तरेची पडवी उत्तम. कंदर, वांगी, चिखलठाण परिसरात केळीच्या बागा आहेत. बागेच्या कडेची सावलीही चालते. खडे व पाणी घातलेल्या परातीत, तळ पाण्याला टेकणार नाही अशी कुंडी ठेवावी. चार-पाच कुंड्या एकत्र ठेवाव्यात व वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट बांधावे. कूलरचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नये.

पाणी व खत : कुंडीवर पांढरा थर आणि पानांची टोके करपणे ही क्षारांची खूण होय. पन्हाळीचे पावसाचे पाणी साठवून ते नेच्यासाठी राखावे. तांदूळ वा भाजी धुतलेले, मीठ नसलेले पाणीही चालते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा मृतसाठ्याखाली गेला होता. अशा वर्षी कुंड्यांची संख्याच कमी करणे शहाणपणाचे. वरची माती सुकू लागली की पाणी द्यावे, हिवाळ्यात कमी करावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये.

पानांमागील तपकिरी ठिपके : ते ओळीने किंवा ठरावीक नक्षीत असतील, तर बीजाणूंचे पुंजके समजावेत, तो रोग नव्हे. ठिपके विस्कळीत व पान चिकट असेल, तर खवले कीड असते. ती ओल्या कापडाने पुसून काढावी.

एक दक्षता मात्र सर्वांनी घ्यावी. साल्व्हिनिया हा पाण्यावर तरंगणारा नेचाच आहे. हौदात शोभेसाठी ठेवलेली ही दक्षिण अमेरिकी वनस्पती बाहेर पडल्यास पाणी झाकून टाकते. केरळमधील कालवे व भातखाचरांना तिचा मोठा उपद्रव झाला. जलपर्णीही आपल्या देशात शोभेसाठीच आली होती आणि उजनीला तिचा त्रास परिचित आहे. म्हणून हौदातील वा मत्स्यपेटीतील वनस्पती जलाशयात, ओढ्यात किंवा कालव्यात कधीही टाकू नये. उन्हात पूर्ण वाळवून खड्ड्यात पुरावी. कुंडीतला नेचा वाळला तर आपलेच रोप जाते. पाण्यातला नेचा सुटला तर साऱ्या काठाला ते निस्तरावे लागते.