डोंगर सरकारचा, वाट कोणाची?

हेंद्रेपाड्यात उल्हास नदीकडे पाठ करून उभे राहिले की रुळांपलीकडे डोंगरांची ओळ दिसते. उजव्या हाताला मलंगगड, डावीकडे चंदेरीचा उभा सुळका, आणि त्याच्याही पलीकडे माथेरानचे पठार. बदलापुरात नवा आलेला मनुष्य येथे हमखास चकतो, कारण स्टेशनाच्या ज्या बाजूला पूर्व म्हणतात त्याच बाजूला सूर्य मावळतो. रेल्वेने दिशांची नावे मुंबईच्या सोयीने ठेवली. सूर्याला कोणी विचारले नाही. असो. या डोंगरांना आम्ही आपले म्हणतो. ते आपले म्हणजे नक्की कोणाचे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही, तो आमच्या दारी चालत आला. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात कामगार संघटनेचे काम करता करता आमची पन्नाशी उलटली. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गेटसभेत, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. गेल्या हिवाळ्यात आमच्या युनियनमधली सात-आठ कंत्राटी पोरे सुट्टीच्या दिवशी कातळ चढायला निघाली. त्यांनी वर्षभर पगारातून पैसे साठवून दोर, शिरस्त्राणे, लोखंडी कड्या असे सामान घेतले होते, आणि एका जाणत्या गिर्यारोहकाकडून ते वापरायचे कसे हेही शिकून घेतले होते. डोंगराच्या पायथ्याशी वनरक्षकाने त्यांना अडविले. तो मनुष्य वाईट नव्हता. म्हणाला, "पोरांनो, माझ्यावर ओरड होते. साहेबांचा कागद आणा, मी स्वतः वाट दाखवतो."

पोरे कागद आणायला निघाली. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे धाडले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने सांगितले की अशा कामाची परवानगी देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. मग कोणाकडे आहे? ते आम्हांला माहीत नाही. शेवटी पोरे आमच्याकडे आली व म्हणाली, "आप्पा, ही तर रजेच्या अर्जासारखी गत झाली." त्यांचे बरोबर होते. रजा मागण्याचा नियम आहे, पण मंजूर करणारा कोणी नाही, अशी कारखान्यातली तऱ्हा आम्ही पुष्कळ पाहिली आहे. कार्यालयांची नावे येथे घेत नाही. दोष एका टेबलाचा नाही, तो फार जुना आहे.

किती जुना, ते पाहू. डोंगरावर कोणी चढावे आणि कोणी चढू नये, हा आपल्या मुलुखात मुळात लष्करी प्रश्न होता. १७८० साली इंग्रजांचा कॅप्टन अॅबिंग्टन मलंगगडावर चालून आला. खालची माची त्याने घेतली, पण वरचा बालेकिल्ला काही त्याच्या हाती लागला नाही. आजही सोनेमाचीवरून बालेकिल्ल्यावर जाताना मध्ये तुटलेला कडा लागतो व तो लोखंडी नळावरून पार करावा लागतो. ज्यांनी तो नळ ओलांडला आहे, त्यांना अॅबिंग्टनची अडचण वेगळी समजावून सांगायला नको. पुढे १८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांनी ठिकठिकाणी किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या, म्हणजे पुन्हा कोणी वर जाऊन ठाण मांडू नये. नाशिक-नगरच्या सीमेवरचे अलंग आणि मदन हे गड आज दोर लावून चढावे लागतात, ते या सुरुंगांमुळे. आजचा तरुण जो कातळ खेळ म्हणून चढतो, तो काही ठिकाणी परक्या सरकारने घातलेल्या बंदीचा अवशेष आहे.

लष्करी कारण संपले आणि दुसरे आले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने माथेरान चढला. पुस्तकांत माथेरानचा शोध त्याच्या नावावर आहे. ठाकूर, धनगर, कातकरी ही मंडळी त्याआधीपासून त्या रानात राहत होती. त्यांनी काही शोधले नाही, ती तेथलीच होती. साहेबाच्या हवापालटासाठी डोंगर उघडला, आणि अठ्ठावीस वर्षांनी, १८७८ साली, जंगलाचा कायदा आला तेव्हा डोंगरातल्या माणसाला तोच डोंगर बंद झाला. राखीव जंगलात सरपण तोडणे, गुरे चारणे हे गुन्हे ठरलेच, पण नुसता प्रवेशही गुन्ह्यात आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी १८८५ साली सरकारला एक कमिशन नेमावे लागले. मुंबई फॉरेस्ट कमिशन या नावाने ते ओळखले जाते. १८८७ साली त्याचा अहवाल आला. काही सवलती मिळाल्या. मूळ तत्त्व मात्र हलले नाही: जंगल सरकारचे, आणि तुम्ही आत असाल तर ती सरकारची मेहेरबानी.

त्या तत्त्वाविरुद्ध आपल्याच शेजारी रक्त सांडले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आठ सत्याग्रही पडले. त्यांत एक नाग्या महादू कातकरी होता. हे लोक खेळायला गेले नव्हते, हे आम्ही जाणतो. लाकूडफाटा आणि छंद यांना एका तागडीत घालणे बरे नव्हे. तरी डोंगर बंद करणारे कलम दोघांनाही तेच लागते, म्हणून चिरनेरचे नाव प्रथम घेतले.

यानंतर दोनच वर्षांनी इंग्लंडात, म्हणजे जेथून हा कायदा आला त्याच देशात, एक प्रकार घडला. तो आम्ही गेटसभांतून अनेकदा सांगितला आहे. मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचा सुमारे दोन हजार फुटांचा डोंगर आहे. आपल्या चंदेरीहून थोडा बुटकाच. आठवडाभर गिरणीच्या धुरात काढणाऱ्या कामगारांना रविवारी तेथे जायचे असे. पण डोंगर जमीनदारांचा. त्यांना वर्षातले काही दिवस तेथे रानपाखरांची शिकार करायची, म्हणून उरलेले दिवसही डोंगर बंद. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण उघडपणे, गाणी म्हणत, वर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. रखवालदारांशी झटापट झाली, परत येताना धरपकड झाली आणि पाचजणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. नुसते परक्या जमिनीवर पाय ठेवणे हा तेथे फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगलीसारखे आरोप लावावे लागले.

या हकिकतीतली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पायी हिंडणाऱ्यांच्या ज्या जुन्या, प्रतिष्ठित संस्था होत्या, त्यांनी या पोरांना पाठिंबा दिला नाही. वाटाघाटी चालू आहेत, हे उतावळे सगळे बिघडवतील, असे त्यांचे म्हणणे होते. कामगार चळवळीत हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की ते आम्हांला पाठ आहे. आणि खरे सांगायचे तर एकदोनदा आम्ही स्वतःही ते उच्चारले आहे. शिक्षा कडक झाल्या तेव्हा मात्र लोकमत फिरले. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व डोंगरप्रवेशाचा कायदा झाला, १९५१ साली तोच प्रदेश पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि मोकळ्या माळरानावर पायी हिंडण्याचा हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडले. अडुसष्ट वर्षे लागली. ज्या ड्यूकच्या घराण्याची ती जमीन होती, त्याच्या वारसाने २००२ साली समारंभात येऊन आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

आपल्याकडे स्वराज्य आले तरी जंगलाचा कायदा १९२७ सालचाच राहिला. त्याचे २६ वे कलम राखीव जंगलातील अनधिकृत प्रवेश गुन्हा ठरविते, हे सर्वांना ठाऊक असते. २५ वे कलम कोणी वाचीत नाही. राखीव जंगलातील सार्वजनिक किंवा खाजगी वाट बंद करायची असेल तर राज्य सरकारची आधी मंजुरी पाहिजे, आणि सरकारच्या मते वाजवी सोयीची दुसरी वाट अस्तित्वात असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे, असे ते सांगते. परक्या सरकारच्या कायद्यात ही अट आहे! कातळ म्हणजे वाट नव्हे, हा आक्षेप आम्हांला दिसतो. कातळाच्या पायथ्यापर्यंतची पायवाट तर वाटच आहे.

कातळ चढण्याचा खेळ येथे उशिरा रुजला. १९५० नंतरच्या दशकात मुंबईत गिरिविहारसारखी संस्था उभी राहिली. मुंब्र्याचे डोंगर, बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरीचा परिसर येथे मुंबई-ठाण्याची पोरे बोटे घासून शिकली. पुढे बेलापूरच्या टेकडीवरील धोंड्यांवर स्पर्धा भरू लागल्या, आणि २०१६ व २०१७ साली नव्या मुंबईत या खेळाची जागतिक चषक स्पर्धाही झाली. त्याच पारसिकच्या डोंगररांगेला खडीच्या खाणी वर्षानुवर्षे पोखरीत होत्या. डोंगरावर चढणाऱ्याला अडवावे आणि डोंगर फोडणाऱ्याला परवाना द्यावा, यातले तर्कशास्त्र आम्हांला शिकवणारा गुरू अजून भेटलेला नाही.

आता बंदीची दुसरी बाजू. ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोंडेश्वरच्या कुंडात आणि बारवीच्या पाण्यात तरुण पोरे बुडाली आहेत. पावसाळ्यात हे नेहमीचे झाले आहे. अशा एका घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो. आईसमोर प्रवेशाच्या हक्काची भाषा तोंडातून निघत नाही. म्हणून जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर व धरणांवर मनाईहुकूम काढतात, त्याला सरसकट जुलूम म्हणायला आम्ही तयार नाही. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघे. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम त्याच्या जागी आले आहे. पण हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. त्याखालचा हुकूम दोन महिने चालतो. राज्य सरकारने वाढविला तर आणखी सहा महिने. पाऊस दर वर्षी येतो. जी गोष्ट दर वर्षी येणार हे ठाऊक आहे, तिच्यासाठी जीवरक्षक, दोर, फलक आणि एखादा प्रशिक्षित स्थानिक माणूस नेमायचा, की दर जूनमध्ये तोच कागद तारीख बदलून काढायचा? कागद स्वस्त पडतो. शिवाय तो मोडतो कोण? मोटारीतून येणाऱ्याला फार्महाउस आहे. लोकलने येणारा पकडला जातो.

राज्य सरकारने २०१८ साली साहसी उपक्रमांसाठी नियम काढले. गिर्यारोहण संस्थांनी त्यांना कडाडून विरोध केला, आणि २०२१ साली नवे धोरण आले. संस्थांची नोंदणी, प्रशिक्षित माणसे, सुरक्षिततेची साधने हा त्याचा रोख आहे. तो योग्यच आहे. पैसे घेऊन शंभर-शंभर माणसांना अंधारात गडावर नेणाऱ्या मंडळींना लगाम हवाच होता. पण कातळापाशी जाता येईल की नाही, आणि ते कोणी सांगायचे, हा प्रश्न निराळा आहे. आमची पोरे त्याच प्रश्नात अडकली.

चढणाऱ्यांचेही चुकते. गडावर बाटल्या फुटतात, संरक्षित वास्तूंच्या भिंतींवर नावे कोरली जातात, कड्यांवर गिधाडांची घरटी असतात तेथे हंगामात आरडाओरडा होतो. आणि पायथ्याच्या वाडीला कोणी विचारीत नाही. ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा प्रचंड खडक आहे. तो तेथील अनांगू लोकांना १९८५ साली परत मिळाला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणे कायमचे बंद झाले. तो त्यांच्या श्रद्धेचा विषय आहे, म्हणून त्यांना ते नको होते. ही बंदी आम्हांला मान्य आहे, कारण ज्यांचा डोंगर त्यांनी ती मागितली. आपल्याकडे २००६ सालच्या वनहक्क कायद्याने वाडीला जंगलावर हक्क सांगता येतो. तेव्हा वनरक्षकाने अडविलेल्या पोरांनी वाडीचे ऐकायला काय हरकत आहे?

म्हणून यंदा माघ महिन्यात आम्ही पोरांना घेऊन त्या डोंगराखालच्या ठाकूरवाडीत गेलो. अंगणात बसून चहा झाला. वाडीतील वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. उजवीकडच्या कड्याला आग्या मोहोळ आहे, मध उतरेपर्यंत तिकडे फिरकायचे नाही. आणि वर जाताना वाडीतील एक माणूस सोबत घ्यायचा, त्याची मजुरी रोख द्यायची. मजुरी किती, यावर आमची पोरे घासाघीस करू लागली तेव्हा आम्हीच त्यांना गप्प केले. ज्यांनी किमान वेतनासाठी मोर्चे काढले त्यांनी हे करू नये. ठरलेली मजुरी आणि दोन्ही अटी अर्जात लिहिल्या. अर्ज वनखात्याला केला, त्यात २५ व्या कलमाचा उल्लेख केला, खाली पोरांच्या सह्या आणि वाडीतील पाचजणांचे अंगठे घेतले. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तो दोनदा वाचला व विचारले, "आप्पा, हे अंगठे कशाला?" आम्ही म्हणालो, "वाट त्यांची आहे, म्हणून." त्याने पोच दिली. उत्तर अद्याप आलेले नाही. पोरांनी दोर युनियनच्या कपाटात ठेवला आहे.